स्पूल यंत्रातल्या फेरफाराची कुळकथा

जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरची पुली किंवा कंडेन्सर बदलला की यंत्राचं अस्सलपण गेलं, असं मानणारे बरेच आहेत. या यंत्राचं कूळ पाहिलं की हे म्हणणं टिकत नाही. 1928मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदी पट्टीवर लोहचूर्ण बसवण्याचं पेटंट घेतलं आणि 1935च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात एईजीचा मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. पण त्यात खरखर फार होती. 1940मध्ये जर्मन नभोवाणीत वॉल्टर वेबर काम करत असताना एक ॲम्प्लिफायर बिघडला, त्यातला कानाला न ऐकू येणारा उच्च वारंवारितेचा प्रवाह ध्वनीबरोबर हेडमध्ये गेला आणि मुद्रण एकदम स्वच्छ उमटलं. वेबर आणि फॉन ब्राउनम्युल यांनी त्या बिघाडाचंच तंत्र केलं. त्याला आज बायस म्हणतात. युद्धानंतर जॅक मुलिन यांनी दोन मॅग्नेटोफोन अमेरिकेला पाठवले, त्यांची इलेक्ट्रॉनिक बाजू नव्यानं बांधली, 1946मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते वाजवून दाखवले आणि त्यातूनच 1948चं अँपेक्स 200 घडलं. ज्याला आपण मूळ यंत्र म्हणतो, तेच मुळात फेरफारातून जन्मलं.

आपल्याकडे तर फेरफार ही गरजच होती. अमेरिकी वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. साध्या एसी मोटरचा वेग या आकड्यावर चालतो, म्हणून तिकडून आणलेलं यंत्र इथे पाच-षष्ठांश वेगानं फिरतं. योग्य वेगात मुद्रित केलेली पांढरी दोनची चीज त्यावर खालच्या सप्तकातल्या पांढरी सातच्या आसपास उतरते. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही. मोटरची पुली किंवा कॅप्स्टनची बाही त्याच प्रमाणात जाड करावी लागते. काही निर्माते बदलण्याची पुली स्वतःच देत. गायकाचा षड्ज त्याच्या जागी आणणाऱ्या या दुरुस्तीला छेडछाड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

यावर एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. त्याच संथ यंत्रावर घरच्यांनी आजीच्या ओव्या मुद्रित केल्या असतील, तर पुली बदलल्यावर तो आवाज पाचव्या हिश्शानं घाईत आणि पातळ ऐकू येईल. म्हणून आधी जुन्या टेपा जुन्याच पुलीवर ऐकून उतरवून घ्याव्यात, मग पुली बदलावी, आणि काढलेली पुली यंत्रासोबतच ठेवावी. हेडच्या कोनाला, म्हणजे ॲझिमथला, हात लावण्याआधीही हाच विचार हवा. वाकड्या हेडवर भरलेली टेप तशाच वाकड्या हेडवर खुलते.

हवेचा हिशेब वेगळा. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असा भेद लोक बोलता बोलता करतात, आणि यंत्रासाठीही तो खरा आहे. खामगाव, शेगाव, मलकापूरच्या उन्हाळ्यात रबरी बेल्ट मऊ होऊन डांबरासारखा चिकटतो, पिंच रोलर कडक पडतो; घाटावर बुलढाणा-चिखलीकडे ऊन जरा सोसवतं. पावसाळी ओल मात्र दोन्हीकडे, आणि 1970-80च्या काळातल्या काही टेपांचा बाइंडर ओल शोषून चिकट होतो. अशी टेप जबरदस्तीनं फिरवली की ऑक्साइड हेडवर उतरतो आणि त्याबरोबर मुद्रणही जातं. इथे बेल्ट बदलणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसणं आणि टेप कोरडी होईपर्यंत यंत्र बंद ठेवणं, एवढंच करावं.