मुकब्बिर, भोंगा आणि शंभर व्होल्टची तार

उर्दूत लाउडस्पीकरला भारदस्त नाव आहे : आला-ए-मुकब्बिरुस्सौत. आला म्हणजे साधन, सौत म्हणजे आवाज आणि मुकब्बिर म्हणजे मोठा करणारा. मराठीतला ‘ध्वनिवर्धक’ अर्थाने हुबेहूब हाच. पण मुकब्बिर हा शब्द यंत्रापेक्षा कितीतरी जुना आहे. मोठ्या जमातीत इमामांची तकबीर मागच्या सफांना ऐकू जात नसे. तेव्हा मधला एक जण ती मोठ्याने पुन्हा म्हणे. तो मुकब्बिर. इमामांनी ओरडायचे नसे. आवाज टप्प्याटप्प्याने पोहोचवला जाई.

यंत्र आले ते १९१५ साली. कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कर्णा लावलेला लाउडस्पीकर बनवला. नाव ठेवले मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये ‘मोठा आवाज’. आपल्याकडे स्वातंत्र्यलढ्याच्या सभांत मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे माइक दिसू लागले. मशिदीत यंत्र येताच उलेमांमध्ये वाद झाला : कर्ण्यातून येतो तो इमामांचाच आवाज, की त्याची नक्कल? देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांनी त्यावर रिसालाच लिहिला.

फिक्हचा हा प्रश्न चर्चेत असताना मिस्त्रींसमोर वेगळाच प्रश्न होता. स्पीकरच्या कॉइलचा विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा म्हणजे इम्पीडन्स. तो साधारण ८ ओहम असतो. असे चार स्पीकर समांतर जोडले की अडथळा उरतो २ ओहम. अ‍ॅम्प्लिफायरवर भार वाढतो आणि तो जळू शकतो. शिवाय तार लांब असेल तर बरीच शक्ती तारेतच तापून वाया जाते.

उत्तर वीजवहनाच्या जुन्या युक्तीत होते : व्होल्टेज वाढवा, प्रवाह घटवा. १०० वॅट थेट ८ ओहमला द्यायचे तर साडेतीन अँपियर लागतात. १०० व्होल्टच्या लाइनवर फक्त एक. त्याच तारेतली नासाडी साडेबारा पटींनी कमी होते. प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याचा १० वॅटचा टॅप निवडला की लाइनला तो स्पीकर १००० ओहमचा दिसतो. असे दहा जोडले की १०० ओहम, म्हणजे १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला नेमके पेलणारे. नियम एकच : सगळ्या टॅपांची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही.

मला यात जुनी मुकब्बिरांची रांगच दिसते. प्रत्येकाने आपल्या सफांपुरता आवाज उचलायचा. एकच भोंगा लावला की हिशेब उलटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून लांबच्याला ऐकू जावे यासाठी जवळच्याचे कान किटवावे लागतात. त्या जवळच्यांत आजारी माणूस असतो, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती मशिदीला आहे, तशीच मांडवालाही.

अजानचा प्रश्न वेगळा. ती बाहेरच्यांसाठीच असते. पण खुतबा आणि बयान आत बसलेल्यांसाठी असतात. त्यासाठी मिनारावरचा भोंगा कशाला? खांबाखांबावर पाच-पाच वॅटचे स्पीकर पुरतात. मशिदीच्या कमिटीने पुढच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर घेताना ‘किती मोठा?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘किती ठिकाणी वाटणार?’ हेही विचारावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा मानला आहे. तो पाळायला इथे एक ट्रान्सफॉर्मर आणि थोडे गणित पुरे आहे.