हारतुऱ्यांवाचूनचा निरोप

शाळेतील निरोप समारंभ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. 58 व्या वर्षी निवृत्त होणारे गुरुजी असोत वा बदलीचा आदेश आलेल्या सिस्टर असोत. शाल, श्रीफळ, मानपत्र, माजी विद्यार्थ्यांची सद्गदित भाषणे आणि शेवटी सत्कारमूर्तींचे चार शब्द, असा तो सोहळा. ह्या रीतीला आपल्या श्रद्धेतही प्राचीन आधार आहे. संत पौल मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेता झाला, तेव्हा सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, अश्रू ढाळले आणि त्याला जहाजापर्यंत पोहोचविले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या ग्रंथात नमूद आहे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात मात्र शिक्षकांचा एक मोठा समुदाय असा निघून गेला की, त्याला बंदरावर समारंभाने निरोप देणे काळाने अशक्य करून टाकले होते. त्या जर्मन येशूसंघीय गुरुजनांचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

1850 च्या दशकात मुंबई आणि पुणे येथील मिशनकार्य जर्मन येशूसंघीयांकडे आले. पुढील काही वर्षांत त्यांनी शाळांची जी मालिका उभारली, ती थक्क करणारी आहे. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस 1863 मधले, माझगावचे सेंट मेरीज 1864 मधले, पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स 1867 मधले, तर मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय 1869 मधले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच धर्मगुरू नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत मराठी आत्मसात करून दीनदुबळ्यांमध्ये कार्य करीत होते. दरम्यान 1872 मध्ये बिस्मार्कच्या राजवटीने कायदा करून येशूसंघाला जर्मनीतून हद्दपार केले. स्वदेशात ज्यांना संघाचे सभासद म्हणून शिकविण्याची मुभा उरली नव्हती, त्यांपैकी कित्येकांच्या विद्वत्तेचा लाभ आपल्या मुलांना झाला.

ऑगस्ट 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने हे गुरुजन एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मन नागरिकांसाठी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे बंदिवासाची छावणी उघडण्यात आली. ज्या जिल्ह्यात धर्मबंधूंनी गोरगरिबांची सेवा केली, त्याच जिल्ह्यात त्यांच्यापैकी काहींना काटेरी तारेआड दिवस कंठावे लागले. 1916 मध्ये ‘गोलकोंडा’ ह्या जहाजाने अनेकांना युरोपात परत पाठविण्यात आले. मायदेशाने त्यांना येशूसंघीय म्हणून नाकारले होते. हिंदुस्थानातील सरकारने जर्मन म्हणून नाकारले. दैवाची गती अशी की, 1917 मध्ये जर्मनीने तो 1872 चा कायदा रद्द केला.

मिशनवर आघातामागून आघात झाले. मुंबईचे जर्मन आर्चबिशप हर्मन युर्गेन्स 1916 मध्ये देवाघरी गेले आणि त्यांचे आसन सुमारे तीन वर्षे रिक्त राहिले. पुण्याचे बिशप हेन्री डोरिंग आपल्या धर्मप्रांतापासून दुरावले. अशा वेळी शाळांना कुलपे लागली असती, तर कोणाला नवल वाटले नसते.

कुलपे लागली नाहीत. इंग्रज येशूसंघीय फादर ऑल्बन गुडियर ह्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाची धुरा वाहिली; हेच पुढे 1919 मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि संस्कृतचे पंडित फादर रॉबर्ट झिमरमन हे तटस्थ स्वित्झर्लंडचे असल्याने येथे राहू शकले. ह्या मोजक्या परदेशी धर्मगुरूंवर अवघा भार पेलणारा नव्हता. ह्याच मातीतले धर्मगुरू आणि प्रापंचिक शिक्षक फळ्यापुढे उभे राहिले, म्हणून वर्ग भरत राहिले. पुढे 1920 च्या दशकात स्पॅनिश येशूसंघीय आले. इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास हे त्यांच्यातलेच. ते 1922 मध्ये मुंबईत दाखल झाले.

गेलेल्या गुरुजनांना मानपत्र मिळाले ते असे. शिक्षकाची खरी परीक्षा तो गेल्यानंतर होते. त्याने लावलेली शिस्त, जोपासलेली ग्रंथालये आणि घडविलेली माणसे त्याच्या अनुपस्थितीतही उभी राहिली, तर त्याचे कार्य ईश्वराला रुजू झाले असे समजावे. बिशप डोरिंग ह्यांना तर परतीचे सद्भाग्य लाभले. 1921 पासून जपानमधील हिरोशिमा येथे सेवा करून ते 1927 मध्ये पुण्याला परत आले आणि आपल्या जुन्या कळपाचे पुन्हा मेंढपाळ झाले. इतरांपैकी बहुतेकांना मात्र ही भूमी पुन्हा दिसली नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील शाळेच्या पहिल्या शिक्षकांची नावे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहेत? शाळेची जुनी हजेरीपुस्तके, घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि दफनभूमीतील शिळा ह्यांतून ती अद्याप हाती लागू शकतात. ती एका वहीत लिहून काढावीत, आणि 2 नोव्हेंबर रोजी मृतांच्या स्मरणदिनी मिस्साबलिदानात मोठ्याने वाचावीत, असे आम्ही सुचवितो. ज्यांना हार घालणे त्या पिढीला जमले नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आपल्या हाती आहे. परमेश्वर त्या सर्व गुरुजनांना चिरशांती देवो.