सोळा पायऱ्या

मॉरिशसला गेलो तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. बेळगावहून निघताना सासूबाईंनी दशम्या, शेंगाचटणी, चिवडा असं सगळं बांधून दिलं होतं. तरी दिवस मावळायच्या आत लेकीला जेवू घालणं आणि उकळलेलं पाणी सतत जवळ ठेवणं एवढ्यानंच मी दमून गेले.

पोर्ट लुईच्या बंदरावर 'आप्रवासी घाट' पाहिला. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आली. मुंबई बंदरातून निघालेली आपली रत्नागिरीकडची माणसंही त्यांत होती. १८४९ मध्ये हा डेपो उभा राहिला. बोटीतून उतरलं की सोळा दगडी पायऱ्या चढून आत यायचं.

लेक म्हणाली, "आई, उचल ना."

तिला कडेवर घेऊन चढले आणि मनात आलं, शिडाच्या जहाजात कित्येक आठवडे काढून, तान्हं पोर घेऊन जी बाई इथं चढली असेल, तिनं कुणाला म्हणावं, "उचल"?

करारात मुदत आणि पगार लिहिलेला असे. अंगाई कुठं लिहितात? पण आज त्या बेटावर गणपती बसतो, शाळेत मराठी शिकवतात. ती भाषा नुसत्या कराराच्या कागदांनी टिकली नाही, बायांनो. ती कुणाच्या तरी कडेवर बसूनच या पायऱ्या चढली.