स्मार्टफोनचे पेटंटवाद आणि ब्रँडनिष्ठा (शिरूर–दौंड परिसर)

मोबाइल फोनच्या धंद्यातील कंपन्यांचे आपसातले पेटंटचे दावे आणि गिऱ्हाइकाची एखाद्या ब्रँडवरची निष्ठा, या दोन बाबींचा पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांशी असलेला संबंध. भारतातील असे मोठे दावे मुख्यतः दिल्ली उच्च न्यायालयात लढले गेले. मात्र त्यांतल्या काही पक्षकारांचा आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा माल शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार झाला आहे. दौंडकडे फोनचा कारखाना नाही. हे मुंबई–चेन्नई मार्गावरचे रेल्वे जंक्शन आहे, आणि त्याच्या शेजारची कुरकुंभची वसाहत रसायने व औषधांसाठी ओळखली जाते. या विषयात दौंडचा वाटा आहे तो गिऱ्हाइकाचा.

अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर आहे. तेथील एमआयडीसीत दक्षिण कोरियाच्या एलजी इलेक्ट्रॉनिक्सने २००४ मध्ये भारतातला आपला दुसरा कारखाना सुरू केला. फ्रिज, धुलाई यंत्रे, टीव्ही यांच्या जोडीला लवकरच तेथे जीएसएम मोबाइल फोनही तयार होऊ लागले. स्मार्टफोन हा शब्द तेव्हा शिरूरच्या बाजारपेठेत कोणाच्या तोंडी नव्हता. पुढे एलजीने भारतातल्या स्मार्टफोनची जुळणी नोएडाकडे नेली आणि रांजणगावात घरगुती उपकरणे राहिली.

या वसाहतीत शेजारीपाजारी कोण आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. एलजीप्रमाणेच अमेरिकेची व्हर्लपूल आणि चीनची हायर यांचेही फ्रिजचे कारखाने रांजणगावातच आहेत. पैकी व्हर्लपूलने २००८ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे एलजीच्या फ्रिजविरुद्ध पेटंटभंगाची तक्रार नेली होती. वॉशिंग्टनमध्ये वकील एकमेकांवर तुटून पडत असताना रांजणगावात दोन्ही कंपन्यांचे ट्रक एकाच चौकातून महामार्गाला लागत होते. या भांडणाची झळ येथल्या कामगाराला लागल्याचे दिसत नाही.

फोनच्या बाबतीत याहून ठळक उदाहरण जेबिलचे. ही अमेरिकी कंपनी स्वतःच्या नावाने काहीच विकत नाही, ती इतरांसाठी इलेक्ट्रॉनिक माल बनवून देते. तिचा कारखाना रांजणगाव एमआयडीसीत आहे. स्वीडनची एरिक्सन ही कंपनी मोबाइल टॉवरवर बसणारे फाइव्ह-जी रेडिओ पुण्यात जेबिलकडूनच तयार करून घेते. ॲपलच्या एअरपॉड्सचे प्लॅस्टिकचे भाग बनवणारी म्हणूनही जेबिल इंडियाचे नाव २०२३ पासून बातम्यांत येत राहिले. एरिक्सन आणि ॲपल यांच्यात पेटंटच्या रॉयल्टीवरून २०२२ मध्ये अनेक देशांत दावे-प्रतिदावे चालू होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी जागतिक करार करून ते मिटवले.

एरिक्सन आज फोन बनवत नाही. सोनीबरोबरची भागीदारी तिने २०१२ मध्ये सोडली. तरीही भारतातल्या फोन कंपन्यांना तिने सर्वाधिक वेळा कोर्टाची पायरी चढायला लावली, कारण टू-जी, थ्री-जी आणि फोर-जीच्या तंत्रातले अनेक मूलभूत शोध तिच्या नावावर आहेत. कोणताही फोन नेटवर्कशी बोलायचा तर ठरलेल्या तांत्रिक मानकांप्रमाणेच बोलावा लागतो. त्या मानकांत जी पेटंटे गुंतलेली असतात ती टाळून फोन बनवताच येत नाही. अशा पेटंटांना मानक-आवश्यक पेटंटे म्हणतात. त्यांच्या मालकाने इतरांना परवाना द्यावा आणि तो न्याय्य, वाजवी व भेदभावरहित अटींवर द्यावा, असा संकेत आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, यावरच सारी लढाई होते.

हिशेब असा. रॉयल्टी फोनमधल्या चिपच्या किमतीवर मोजायची की अख्ख्या फोनच्या? चिप काहीशे रुपयांची, फोन दहा हजारांचा. फोन कंपनी चिपवर बोट ठेवते, पेटंटमालक फोनवर. दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा ही भारतीय फोन कंपनी विरुद्ध एरिक्सन या दाव्यात २८ मार्च २०२४ रोजी फोनच्या निव्वळ विक्री किमतीवर १.०५ टक्के हा दर धरला आणि लाव्हाने एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. आठ पेटंटांपैकी एक न्यायालयाने अवैध ठरवले, सात टिकली. या दराने निव्वळ दहा हजारांच्या फोनमागे १०५ रुपये होतात. शिरूरच्या बाजारात टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर बसवून घ्यायलाही साधारण तेवढेच पडतात. दुकानाच्या बिलावर जीएसटीची ओळ असते, रॉयल्टीची नसते.

लाव्हाच्या आधी मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीचा क्रम लागला होता. एरिक्सनने मार्च २०१३ मध्ये तिच्यावर दावा लावला, मायक्रोमॅक्सने उलट भारतीय स्पर्धा आयोगाचे दार ठोठावले, आणि २०१८ च्या सुरुवातीला दोघांत समेट झाला. स्पर्धा आयोगाला अशा प्रकरणात चौकशीचा अधिकार आहे की नाही, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने असा अधिकार नसल्याचे सांगितले.

शाओमीचे प्रकरण सर्वांत बोलके. ही चिनी कंपनी जुलै २०१४ मध्ये भारतात आली, ऑनलाइन विक्रीत काही सेकंदांत माल संपवू लागली, आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या दाव्यावरून तिच्या फोनची आयात व विक्री थांबवली. साधारण आठवडाभराने खंडपीठाने थोडी मोकळीक दिली. क्वालकॉमची चिप असलेले फोन विकता येतील, मात्र प्रत्येक फोनमागे १०० रुपये न्यायालयात जमा करावे लागतील. मीडियाटेकची चिप असलेल्यांवर बंदी कायम. क्वालकॉमकडे एरिक्सनचा परवाना होता, हे त्यामागचे कारण. त्यामुळे रेडमी वन-एस विकायला खुला झाला आणि मीडियाटेकची चिप असलेला रेडमी नोट अडकला. बाहेरून दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नावाचे. फरक आतल्या नखाएवढ्या चिपचा, आणि तो गिऱ्हाइकाला सांगूनही पटला नसता.

या बंदीने शाओमीवरचा लोभ कमी झाला नाही. २०१७ च्या अखेरच्या तिमाहीत ती भारतात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. जगभरही हेच दिसते. ॲपलने सॅमसंगवर एप्रिल २०११ मध्ये दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली आणि २०१८ च्या जूनमध्ये दोघांनी मिटवून घेतले. एवढ्या वर्षांत दोघांपैकी कोणाचेही गिऱ्हाईक कोर्टाचा निकाल वाचून दुसरीकडे गेले असे म्हणवत नाही. अपवाद असलाच तर माल मिळेनासा होण्याचा. नोकियाच्या दाव्यात मॅनहाइमच्या न्यायालयाने २०२२ मध्ये ओप्पोविरुद्ध निकाल दिला तेव्हा ओप्पोने जर्मनीतली विक्रीच थांबवली. भारतात त्याच वादात जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने ओप्पोला रक्कम जमा करायला लावली, दुकाने मात्र चालू राहिली. जानेवारी २०२४ मध्ये नोकिया–ओप्पो समेट झाला.

मग निष्ठा बसते कशावर? या दोन तालुक्यांतले उत्तर वीज, किंमत आणि दुरुस्ती यांत शोधावे लागते. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होती आणि बटणांवर धूळ आत जाऊ न देणारे रबरी आवरण होते. महाराष्ट्रात भारनियमनाची ती ऐन वर्षे. रात्रीच्या पाळीला वीज आली की उसाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला फोनमधली टॉर्च म्हणजे वेगळी बॅटरी घेण्याचा खर्च वाचणे. नोकियाचे नाव घरोघर झाले ते असे. २००८ च्या मायक्रोमॅक्स एक्स-वन-आयने एका चार्जिंगवर तीस दिवस टिकणाऱ्या बॅटरीची जाहिरात करून हीच नस पकडली. पुढे दोन सिमकार्डे, मोठा स्क्रीन, कमी किंमत असे करत मायक्रोमॅक्सने २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत स्मार्टफोनमध्ये सॅमसंगलाही मागे टाकल्याचे कॅनालिस या संस्थेने नोंदवले. सॅमसंगला ते मान्य नव्हते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा आली आणि हे चित्र उलटले. जिओला थ्री-जी नव्हतेच, फोर-जी हँडसेट नसला तर फुकटचा डेटा वापरायचा कसा? भारतीय कंपन्यांकडे जुन्या मालाचा साठा होता, चिनी कंपन्यांकडे फोर-जी फोन तयार होते. मायक्रोमॅक्सवरची निष्ठा एवढ्या चटकन गळाली की ती निष्ठा होती की नुसती सोय, असा प्रश्न पडावा.

ओप्पो आणि विवो यांनी वेगळा रस्ता धरला. ऑनलाइन विक्रीपेक्षा त्यांनी गावातल्या मोबाइल शॉपीवर भर दिला. हिरव्या-निळ्या पाट्या, दुकानात कंपनीने बसवलेला मुलगा किंवा मुलगी, दुकानदाराला चांगली मार्जिन. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, पेठेपासून दौंड, यवत, केडगावपर्यंत गिऱ्हाइकाचा संबंध कंपनीपेक्षा दुकानदाराशी अधिक. हप्त्याची सोय करून देणारा तो, डिस्प्ले फुटला तर बदलून देणारा तो, जुना फोन पदरात घेऊन नव्याची किंमत तोडणाराही तोच. गिऱ्हाईक ‘आपल्या माणसाने दिलाय’ म्हणते, तेव्हा त्यात ब्रँडचे नाव नसतेच. ब्रँडनिष्ठेवरची पुस्तके शहरातल्या मॉलमध्ये बसून लिहिलेली असतात, त्यांत हा माणूस क्वचितच सापडतो.

खरी निष्ठा पाहायची तर या भागात फोनपेक्षा मोटारसायकलकडे पाहावे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने पल्सरच्या इंजिनात वापरलेल्या दोन स्पार्क प्लगच्या तंत्राचे, म्हणजे डीटीएस-आयचे, पेटंट २००५ मध्ये मिळवले. चेन्नईच्या टीव्हीएसने २००७ च्या अखेरीस ‘फ्लेम’ आणताच बजाजने दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांची सुनावणी रोजच्या रोज घेऊन चार महिन्यांत निकाल लावावा असे बजावले. दोन्ही कंपन्यांनी हा वाद प्रत्यक्षात मिटवला तो २०१९ मध्ये. तोवर फ्लेम बाजारातून केव्हाच गेली होती. पल्सर मात्र अजून शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर धावते आहे.

पेटंटचा दावा शिरूर किंवा दौंडच्या न्यायालयात का येत नाही, याला कायद्याचेच कारण आहे. पेटंट कायदा १९७० च्या कलम १०४ प्रमाणे पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. प्रतिवादीने पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते, आणि प्रतिवादी तसा प्रतिदावा बहुतेक वेळा करतोच. शिवाय पेटंटभंग हा फौजदारी गुन्हा नाही. पोलीस एखाद्या दुकानावर छापा घालून नामांकित कंपनीची बनावट कव्हरे, चार्जर, हेडफोन जप्त करतात तेव्हा गुन्हा सहसा कॉपीराइट कायद्याखाली नोंदवला जातो. व्यापारचिन्ह कायद्याखालीही कारवाई करता येते, पण त्यासाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि निबंधकाचे मत लागते. तालुक्याच्या गावाला बौद्धिक संपदेची ओळख होते ती या छाप्यांतून. त्यात बहुधा सापडतो तो काउंटरवरचा छोटा दुकानदार, माल पुरवणारा क्वचितच.

दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ब्रँडची खरी परीक्षा होते. डिस्प्ले ‘ओरिजनल’ हवा की ‘कॉपी’, हा तिथला पहिला प्रश्न, आणि दोन्हींच्या किमतीत मोठा फरक. ज्या फोनचे सुटे भाग पुण्याहून संध्याकाळपर्यंत येऊ शकतात, तो फोन घ्यावा, असा सल्ला दुरुस्ती करणारेच देतात. हा सल्ला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक फोन विकतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी जाहीर केली. क्षेत्र सुमारे २९७ एकर, प्रकल्पखर्च ४९२.८५ कोटी रुपये. त्यातला पहिला मोठा उद्योग फोनचा नसून आयएफबीचा फ्रिज प्रकल्प आहे. याच वसाहतीतल्या एलजीने ५ एप्रिल २०२१ रोजी मोबाइलचा धंदा जगभर बंद करत असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत तो आवरता घेतला. सिक्स-जीसारख्या तंत्रावरचे संशोधन चालू ठेवू, असेही तिने त्याच वेळी सांगितले. रांजणगावचा तिचा कारखाना फ्रिज, टीव्ही आणि धुलाई यंत्रे बनवतो आहे.