शेषांत्रछिद्रीकरण

लहान आतड्याचा अखेरचा भाग (शेषांत्र) उदरभित्तीतील छिद्रातून बाहेर आणून मलाला नवी वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेस शेषांत्रछिद्रीकरण म्हणतात. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ व क्रोन रोग या आतड्याच्या दाहयुक्त विकारांत औषधोपचार निष्प्रभ ठरल्यास तिचा अवलंब करतात.

बृहदांत्रशोथावरील या शस्त्रक्रियेची माहिती सेंट लूइस येथील जॉन यंग ब्राउन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण मोठ्या आतड्याला विश्रांती मिळावी, हा तिचा हेतू होता. परंतु ते आतडे आतच राहिल्याने व्याधी पुष्कळदा कायम राही. म्हणून पुढे मोठे आतडे व गुदांत्र काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. छिद्र मग जन्माचे सोबती ठरे.

शेषांत्रातील मल पातळ असून त्यातील पाचक एंझाइमांमुळे छिद्राभोवतालची त्वचा सोलवटून निघते. घट्ट बसणारी पिशवी नसल्याने प्राण वाचूनही रुग्णास माणसांत वावरणे कठीण होई. शिकागो येथील शस्त्रक्रियाविशारद स्ट्राउस यांचे रुग्ण कोनिग यांनी त्वचेला चिकटणारी रबरी पिशवी तयार केली, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली.

दुसरी अडचण आतड्याच्या उघड्या टोकाची होती. त्याच्या बाह्य आवरणास दाह होऊन सूज येई, मार्ग अरुंद होई आणि शरीरातील पाणी व लवणे झपाट्याने कमी होत. बर्मिंगहॅम येथील ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये यावर साधा उपाय सुचविला. सदऱ्याची बाही दुमडावी त्याप्रमाणे आतड्याचे टोक उलटवून त्याचे श्लेष्मल अस्तर त्वचेला शिवावयाचे. आवरण झाकले गेल्याने दाह टळला. हीच पद्धत आजही मूलभूत मानली जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेलाही शास्त्राचे रूप आले. क्लीव्हलँड येथील रूपर्ट टर्नबुल यांनी स्वतः शेषांत्रछिद्र असलेल्या नॉर्मा गिल यांना १९५८ मध्ये रुग्णांच्या साहाय्यासाठी नेमले. १९६१ मध्ये तेथे या कामाचे प्रशिक्षण सुरू झाले.

बाहेरील पिशवी टाळण्याचे प्रयत्नही झाले. स्वीडनमधील नील्स कॉक यांनी १९६९ मध्ये शेषांत्राचाच अंतर्गत साठा तयार केला. तो नळीने रिकामा करावा लागे. लंडनमधील ॲलन पार्क्स व जॉन निकल्स यांनी १९७८ मध्ये असा साठा गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. क्रोन रोग लहान आतड्यात पुन्हा उद्भवू शकत असल्याने त्यात ती सहसा करीत नाहीत. १९९८ पासून जैव औषधे उपलब्ध झाली असली, तरी तीव्र व दुःसाध्य विकारांत शेषांत्रछिद्रीकरणाचे स्थान टिकून आहे.