मर्सेन मूळ संख्यांचा सामूहिक शोध : पडताळणीचा इतिहास

दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांना फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मारँ मर्सेन यांच्यावरून मर्सेन संख्या म्हणतात. २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांपासून मूळ संख्या मिळते, याची यादी त्यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले, तर ६१, ८९ व १०७ राहून गेले. या यादीची संपूर्ण तपासणी व्हावयास १९४७ साल उजाडले.

जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ जॉर्ज वोल्टमन यांनी ‘गिंप्स’ हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवकांनी घातांक वाटून घ्यावेत व आपल्या संगणकाच्या फावल्या वेळात ते तपासावेत, अशी त्याची रचना होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पस्तिसावी मर्सेन मूळ संख्या सापडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांना सापडलेली बावन्नावी ज्ञात संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

तथापि, केवळ विक्रमांवरून या उपक्रमाचे मूल्यमापन करणे अपुरे ठरेल. बहुसंख्य स्वयंसेवकांच्या वाट्याला ‘संख्या संयुक्त आहे’ एवढेच उत्तर येते. तेही स्वतंत्र फेरगणनेत जुळल्याशिवाय पक्के मानले जात नसे. २०२० मध्ये गणनेसोबतच तपासण्याजोगा पुरावा देण्याची पद्धत आली आणि नव्या चाचण्यांतील ही दुबार गणना बहुतांशी टळली. अशा पडताळलेल्या नकारांमुळेच, तपासणी पूर्ण झालेल्या मर्यादेपर्यंत एकही मर्सेन मूळ संख्या निसटलेली नाही, असे म्हणता येते. मर्सेन यांच्या यादीत उणीव होती ती याच खात्रीची. विक्रमाचे श्रेय एका नावावर नोंदले जाते. खात्री मात्र असंख्यांच्या निष्फळ भासणाऱ्या श्रमांवर उभी असते.