बोट गेली आणि काठ खचला? खाडीतल्या लाटांचं गणित समजून घ्या

महाड : तळीये म्हटलं की 22 जुलै 2021 ची दरड आठवते. समुद्र आपल्यापासून लांब आहे, बोटींशी आपला काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण तळीयेच्या डोंगरावरचं पाणी शेवटी सावित्रीतच येतं, आणि सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचं पाणीही याच वाटेने आत चढतं. एकेकाळी हाच आपला हमरस्ता होता. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी मुंबईहून बोटीनेच दासगावला आले आणि तिथून महाडला पोचले. आज खाडीत होड्या, लाँच, वाळूच्या बोटी दिसतात, तर जिल्ह्यात धरमतरच्या खाडीत मोठे बार्ज चालतात. या वाहतुकीने काठ खरंच खचतो का, ते पाहू.

बोटीची लाट कशी तयार होते?

बोट पुढे जाताना पाणी बाजूला ढकलते. त्यातून पुढच्या आणि मागच्या टोकापासून तिरक्या लाटा निघतात आणि दोन्ही काठांवर आपटतात. मोठा बार्ज अरुंद खाडीतून गेला तर आणखी एक गोष्ट घडते. आधी काठाजवळचं पाणी खाली उतरतं, चिखल उघडा पडतो आणि मग तेच पाणी जोरात परत येतं. या ओढीने काठाची माती सैल होऊन निघून जाते.

वेग महत्त्वाचा का?

लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट होते. म्हणजे 30 सेंमीची लाट 15 सेंमीच्या लाटेपेक्षा चौपट जोराने मारते. उथळ पाण्यात हे जास्त जाणवतं. पाणी 4 मीटर खोल असेल आणि बोटीचा वेग ताशी 22 किमीच्या जवळ जाऊ लागला, तर लाटा एकदम मोठ्या होतात. तीच बोट हळू नेली तर काठाला फारसा धक्का बसत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरही असंच होतं का?

नाही. उघड्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या लाटा इतक्या मोठ्या असतात, की लांबून जाणाऱ्या जहाजाची लाट त्यात मोजण्यासारखी नसते. तिथे जास्त फरक पडतो तो बंदराच्या बांधकामाने. समुद्राच्या लाटा किनाऱ्याकडेने वाळू वाहून नेत असतात. मध्येच लाटरोधक भिंत आली की एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला किनारा खातो. चेन्नईत बंदर झाल्यावर दक्षिणेचा मरीना किनारा रुंद झाला आणि उत्तरेला रोयापुरमकडे समुद्र आत आला.

खाडीत नैसर्गिक लाटा लहान असतात, म्हणून तिथे बोटीची लाट भारी पडते. इटलीतल्या व्हेनिस शहरात लाटांनी इमारतींचे पाये झिजतात, ही जुनी तक्रार आहे. तिथल्या मुख्य कालव्यांतून मोठ्या प्रवासी जहाजांना ऑगस्ट 2021 पासून बंदी आहे.

सगळा दोष बोटीचाच?

तसंही नाही. पात्रातून वाळू उपसली की खड्डा भरायला काठाची माती खाली सरकते. पुराचा लोंढा, उधाणाची भरती, खेकड्यांची बिळं, नादुरुस्त उघाडी यांनीही बांधाला खांड पडते. कांदळवन तोडलं तर लाट अडवणारं कुणी उरत नाही. बऱ्याचदा काठ आधीच पोखरलेला असतो आणि बोटीची लाट शेवटचा धक्का देते.

खारबंदिस्तीचा बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं. मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात, तोवर पीक धड येत नाही. म्हणून खांड लहान असतानाच लक्ष द्यायला हवं.

गावाने काय करावं?

• काठावर एक खुंटी ठोका. दर अमावास्या-पौर्णिमेला खुंटीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा.

• बोट जाताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, तेही नोंदवा. एक व्हिडिओ बोट नसतानाचाही ठेवा, म्हणजे फरक दाखवता येईल.

• बोटीच्या वेगाबद्दलचा अर्ज महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात द्या. शासकीय खारभूमी योजनेचा बांध असेल तर खारभूमी विभागाला कळवा. वाळू उपशाची तक्रार आणि पंचनाम्यासाठी तलाठी व तहसीलदारांकडे जा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

• कांदळवन तोडू नका, तोडू देऊ नका. उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने त्याला संरक्षण आहे.

• आपल्याच गावची लाँच असेल तर तांडेलाला सांगा : बांधाजवळ वेग कमी, बोट खाडीच्या मधून. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको.